मीटर कशावर लावायचा?

आमच्या पणजीच्या घरी पाणी शुद्ध करणारे पहिले यंत्र आले ते विकत घेतलेले. दर सहा महिन्यांनी डिचोलीचा एक मुलगा यायचा, झाकण उघडायचा, आतला फिल्टर काढून माझ्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "काका, पळयात, कितलो काळो जाला." फिल्टर काळा असायचाच. आम्ही निमूट पैसे मोजून नवा बसवून घ्यायचो. पाच-सहा वर्षांनी ते यंत्र कायमचे बसले, तेव्हा मुलीने सुचवले की आता विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. महिन्याला ठरावीक रक्कम. यंत्र कंपनीचे, फिल्टर कंपनीचा, दुरुस्तीही कंपनीची. पहिल्या तपासणीला दार उघडले तर समोर तोच मुलगा. नोकरी बदलली होती. त्याने झाकण उघडले, फिल्टर काढला. माझ्या डोळ्यांना तो पूर्वीइतकाच काळा दिसत होता. त्याने तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला, नळाखाली धरून धुतला आणि परत जागेवर बसवला. "हो आजून बरो आसा. आनीक तीन म्हयने चलतलो."

मुलाला लबाड ठरवण्यात अर्थ नाही. पूर्वी त्याला फिल्टरमागे कमिशन होते. आता तोच फिल्टर त्याच्या कंपनीच्या वहीत खर्चाच्या रकान्यात पडतो. पाणी तेव्हाही ओपाच्या जलप्रकल्पाचेच होते आणि आजही तिथलेच आहे.

यंत्र विकण्याऐवजी यंत्राचे काम विकायचे, आणि त्यासाठी वस्तू आणि तिची देखभाल पहिल्यापासून एकत्र आखायची, या विचाराला जगात आता पन्नासेक वर्षे झाली. १९७६ साली वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे या दोघांनी युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता. नवी वस्तू घडवायला ऊर्जा फार लागते आणि माणसे कमी. जुनी दुरुस्त करायला माणसे जास्त लागतात आणि ऊर्जा थोडी. मग वस्तू टिकवल्या तर इंधनही वाचेल आणि हातांना कामही मिळेल. व्यवहारात हे त्याआधीच सुरू झाले होते. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ मध्ये विमानाच्या इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासामागे ठरावीक दराने द्यायला सुरुवात केली. ही कंपनी नंतर रोल्स रॉइसने घेतली आणि ती पद्धत जगभर नेली. इंजिन जमिनीवर पडून राहिले की तोटा इंजिन बनवणाऱ्याचा. असा करार केल्यावर इंजिन मुद्दाम नाजूक कोण बनवेल?

मी या विचाराच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण पुढची काही वर्षे गोव्यात हा विचार चारी दिशांनी येणार आहे. भाड्याची यंत्रे, किलोमीटरवर बस, छतावर दुसऱ्याची सौर पटले, कचरा उचलण्याचे ठेके असे सगळे त्यात असेल, आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत 'शाश्वत' हा शब्द असेल. हा शब्द आपल्याकडे इतक्या कोनशिलांवर कोरला गेला आहे की त्याची धार केव्हाच गेली. म्हणून मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: मीटर कशावर लावला आहे? म्हणजे पैसा कशामागे सुटतो? कारण वस्तू शेवटी त्या मीटरच्या मागे मागे जाते.

झेरॉक्सचेच बघा. १९५९ साली या कंपनीने ९१४ नावाचे कॉपी काढण्याचे यंत्र आणले. ते इतके महाग होते की कोणत्याही कचेरीने ते विकत घेतले नसते. कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले, त्यात २००० प्रती फुकट आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला चार सेंट. यंत्र बंद पडले की मीटर थांबायचा, म्हणून कंपनी दुरुस्तीला धावत यायची. इथपर्यंत सगळे छान. पण मीटर प्रतींवर होता, तेव्हा कंपनीचा फायदा प्रती वाढण्यात होता. यंत्र टिकले, कागदाचा ढीग मात्र वाढत गेला. वस्तूसोबत सेवा दिली की निसर्गाचे भले होतेच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आपल्या घरांत वस्तू आणि सेवा यांची जोडी नवी नाही. तांब्या-पितळेची भांडी तीन-तीन पिढ्या चालली, कारण कल्हईवाला दारावर यायचा. पावसाच्या तोंडावर छपराचे नळे, म्हणजे कौले, परतणारे आले नाहीत तर घर पहिल्याच आषाढात गळायचे. नळा घेणे आणि तो दर वर्षी परतून घेणे हा एकाच घराचा हिशेब होता. हे आठवून गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे. कल्हईवाल्याचे आयुष्य धुरात गेले, त्याच्या मुलाने तो धंदा सोडला यात वावगे काही नाही. मात्र गोव्यात या जोडीचा एक फार मोठा आणि फार विचारपूर्वक आखलेला नमुना आहे. आपण तो पर्यटकांना दाखवतो आणि स्वतः नीट पाहत नाही. तो म्हणजे खाजन, खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन.

माझे मूळ गाव कुंभारजुवेच्या खाडीकाठी. लहानपणी मामाबरोबर बांधावरून चालत मानशीपर्यंत जायचे हा सुट्टीतला ठरलेला कार्यक्रम. मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी दार. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून रेटते आणि दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलते आणि ते उघडते. विजेची गरज नाही, की बटण दाबणाऱ्या माणसाची. जवळ उभे राहिले की दाराच्या फटींतून पाणी शिळ घातल्यासारखे बारीक आवाज करत यायचे. मामा वाकून चिखलाचा गोळा घ्यायचा आणि एखाद्या फटीत अंगठ्याने दाबून बसवायचा. ते त्याचे काम नव्हते. जाता जाता केले एवढेच. आत कोरगूट भात, बाहेर खारे पाणी, मध्ये चार बोटे जाडीच्या फळ्या.

गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगितली जाते. ती फळ्यांनी राखली असे म्हणणे अर्धवट ठरेल. तिच्यामागची व्यवस्था अशी होती: जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकरीची, गावाच्या सामायिक संस्थेची. मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळे लावून सुंगटे (कोळंबी), शेवटे, खेकडे धरण्याचा हक्क दर वर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जायचा. जो बोली जिंकेल तो पैसे भरणार आणि ठरलेल्या नियमांत मासे धरणार. त्या पैशातून बांध बांधायचा, फळ्या बदलायच्या, मानशीवर लक्ष ठेवणाऱ्याला मोबदला द्यायचा. वस्तू, तिची देखभाल आणि देखभालीचा पैसा ही तिन्ही एकाच आखणीत बसवलेली. आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवले तर पोरे टिपणे काढतील. त्यातली खरी करामत अशी की भात हे मुख्य आणि मासे हे जोडउत्पन्न, हा क्रम गावाने पक्का धरला होता.

हाच क्रम पुढे सुटला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. ते न्यायाचेच होते, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण बांधाची आणि मानशीची जबाबदारी कूळ संघांकडे गेली, शेती परवडेनाशी झाली, तरुण कामाला बाहेर पडले, आणि पावणीचे मोल मात्र सुंगटांच्या भावाबरोबर चढत गेले. आता ज्याने मोठी बोली लावून मानस घेतली, त्याचा मीटर कशावर आहे? माशांवर. खारे पाणी जितके जास्त आत, तितके मासे जास्त. तेव्हा भरतीलाही दार उघडे ठेवण्याचे प्रकार सुरू झाले. शेतात खार शिरला, भात बसले, बांधाची धूप वाढली. पैसा बांधासाठी गोळा होत होता आणि तो गोळा करण्याची रीतच बांधाला खात होती. दाराच्या लाकडात किंवा सुताराच्या कसबात काही कमी झाले नव्हते. भात राखण्याचा मोबदला कोणालाच मिळेनासा झाला होता, इतकेच.

हे उदाहरण मी इतके लांबवले कारण पुढच्या सगळ्या करारांत मला ती मानस दिसते.

कदंब या गोव्याच्या परिवहन महामंडळाच्या विजेवर चालणाऱ्या बस घ्या. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत (२०१९ ते २०२४) बस महामंडळाने विकत घ्यायची नव्हती. ती पुरवठादाराच्या मालकीची राहते, बॅटरी आणि देखभाल त्याच्याकडे, आणि महामंडळ किलोमीटरमागे पैसे देते. बस आणि बसचे काम यांची ही जोडी मला पटते. गोव्याची खासगी बस ज्याने वापरली आहे त्याला कारण सांगायला नको. तिथे मीटर उतारूंवर असतो. म्हणून बस भरेपर्यंत थांब्यावर ताटकळायचे, मग मागची बस दिसली की सुसाट सुटायचे, आणि आत कंडक्टरचे "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सर) अखंड चालू. किलोमीटरवर पैसे मिळाले की ही ओढाओढ संपते. पण दुसरी कळ उमटते. दुपारी तीन वाजता रिकामी बस धावली काय आणि भरलेली धावली काय, पुरवठादाराला सारखेच. थांब्यावर हात दाखवणारी म्हातारी त्याच्या हिशेबात कुठेच नाही. म्हणून किलोमीटरच्या जोडीला वेळेवर सुटलेल्या फेऱ्या, थांब्यांवर थांबणे आणि वाटेत बंद पडण्याचे प्रसंग हेही पैशाला बांधावे लागतात. हे करारात आहे की नाही, हे उतारूला कळायला हवे. बसच्या काचेवर जाहिरात चिकटवता येते, तिथे हेही चिकटवता येईल.

रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट तर गमतीची आहे. २०१५ पासून देशभर एलईडी पथदिव्यांची योजना आली. कंपनीने स्वतःच्या खर्चाने दिवे बसवायचे, काही वर्षे सांभाळायचे आणि वाचलेल्या विजेच्या पैशातून आपली वसुली करायची. कल्पना चोख आहे. पण नुसत्या बचतीवर मीटर लावला तर सर्वांत जास्त बचत करणारा दिवा कोणता? बंद पडलेला! म्हणूनच अशा करारात किती टक्के दिवे रोज पेटलेले असले पाहिजेत आणि नसले तर दंड किती, हे लिहावे लागते. ते कलम ज्याने वाचले नाही त्याने उद्घाटनाचा नारळ फोडू नये.

भाड्याच्या दुचाकींकडे वळू. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या स्कूटर कळंगुट-बागा पट्ट्यात पावलोपावली उभ्या दिसतात. एका वस्तूचा अनेकांनी वाटून वापर, म्हणजे वस्तू कमी लागणार, असे पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्यक्षात पर्यटक ती वाळूत घालतो, खाऱ्या पाण्याच्या कडेला उभी करतो आणि तिसऱ्या दिवशी परत देऊन निघून जातो. दुसऱ्याची आहे, मग काय! आर्नोल्ड टकर या अभ्यासकाने २००४ मध्येच या जोड्यांचे आठ प्रकार पाडून त्यांचा ताळा घेतला होता. वस्तूसोबत थोडी सेवा चिकटवली तर फरक जेमतेम पडतो. भाड्याच्या प्रकारात वापरणारा निष्काळजी झाला तर उलट नुकसानही होऊ शकते. मोठा फायदा संभवतो तो कामाच्या परिणामावर पैसे ठरतात तेव्हा. आपला 'पायलट', म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, मला या कसोटीवर भाड्याच्या स्कूटरपेक्षा उजवा वाटतो. मोटारसायकल त्याची, चालवणारा तोच, धुणारा तोच, आणि आपण पैसे देतो ते पोचण्याचे. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरच्या या माणसाला धोरणाच्या कागदांत जागा का मिळत नाही, हे मला कोडेच आहे.

आता सरकारी खरेदी. इथे माझा राग थोडा जास्त आहे, तो वाचकांनी समजून घ्यावा. एका पंचायतीच्या शेडमध्ये ओल्या कचऱ्याचे खत करणारे यंत्र मी पाहिले. समोरच्या पॅनेलवरचे पारदर्शक प्लास्टिक अजून काढलेले नव्हते आणि खालची चौकट गंजून हाताने पापुद्रे निघत होते. वर कोंबडी बसलेली. निविदेत यंत्राची क्षमता होती, मोटरची ताकद होती, रंगसुद्धा होता. खाऱ्या वाऱ्याचा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातल्या पावसाचा उल्लेख नव्हता. सर्वांत कमी किंमत भरणाऱ्याने यंत्र दिले, फोटो काढले, हमीचे वर्ष संपले आणि त्याचा संबंधही संपला. त्याचा मीटर यंत्र शेडमध्ये पोचले त्या दिवशीच पूर्ण फिरला होता.

यावर हल्ली सुचवला जाणारा उपाय म्हणजे यंत्र घेऊ नका, टनामागे ठेका द्या. थांबा. टनामागे पैसे मिळणाऱ्याला कचरा कमी झालेला कसा चालेल? गावाने घरोघरी खत करायला घेतले तर त्याचे उत्पन्न बुडणार. तो कशाला लोकांना शिकवायला येईल? माझ्या मते अशा कामाला वर्षाची ठरावीक रक्कम द्यावी, आणि तिचा एक मोठा भाग दोन गोष्टींवर अडवून ठेवावा: तयार झालेले खत गावातल्या बागायतदाराने स्वतःहून नेले का, आणि शेडमधून साळगावच्या कचरा प्रकल्पाकडे जाणारी गाडी दर वर्षी हलकी होते का. शिवाय सुटे भाग गोव्यातच ठेवण्याची आणि दुरुस्ती करणारा त्याच तालुक्यातला असण्याची अट हवी. आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना यात काम आहे. स्टाहेल-रेडे यांचा माणसे आणि ऊर्जा यांचा हिशेब इथे अगदी पेडणे-काणकोणपर्यंत लागू पडतो.

राज्याने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली: वेष्टनावर ठेव घ्यायची, रिकामे परत दिले की ठेव परत. ती मला आवडते, कारण तिच्यात मीटर परत येण्यावर आहे. बियरची रिकामी बाटली गोव्यात कोणी रस्त्यावर टाकत नव्हते त्या काळाची आठवण असलेल्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. सगळेच भाड्याचे झाले तर आपल्या मालकीचे काय उरणार? माझ्या मित्राचे म्हणणे असे की, "पेन्शन दोन महिने अडकली तर माझा स्वतःचा फ्रिज चालू राहतो. भाड्याचा दुसऱ्या महिन्यात बंद होईल, तोही दुरून." त्याचे म्हणणे खोटे नाही. वस्तू दुसऱ्याची असली की तिचे कुलूपही दुसऱ्याच्या हातात असते. चीनमध्ये सामायिक सायकलींच्या कंपन्या आल्या, भांडणाऱ्या भांडवलाने शहरे सायकलींनी भरली, आणि ओफोसारखी कंपनी कोसळली तेव्हा लोकांच्या ठेवी अडकल्या आणि सायकलींचे डोंगर मैदानांत साचले. मालकी ही गरिबाची विमा पॉलिसी असते, हे शहरी उत्साहात विसरले जाते.

पण मालक म्हणजे एकतर मी किंवा कंपनी, असे दोनच पर्याय का असावेत? मानस कोणा एकाची नव्हती. आज नारळ पाडायला पाडेली मिळत नाही म्हणून माडच्या माड नारळ न उतरवता उभे आहेत. माडावर चढण्याचे यंत्र प्रत्येक बागायतदाराने घेऊन ते कोपऱ्यात गंजवण्यापेक्षा गोवा बागायतदारसारख्या सहकारी संस्थेने दहा यंत्रे ठेवावीत, चढणारे शिकवावेत, त्यांचा विमा उतरवावा आणि माडामागे दर लावावा. नारळामागे नको; नारळामागे लावलात तर कोवळीही खाली येतील, हे जुन्या लोकांना ठाऊक होते आणि म्हणूनच पाडेलीचा दर माडामागे असायचा. सभासदच मालक असले की मीटर कशावर लावायचा हे सर्वसाधारण सभेत भांडून ठरवता येते. आपल्या सभांत भांडण किती होते हे मला माहीत आहे. कंपनीच्या ॲपमध्ये भांडायलाही जागा नसते.

शेवटी त्या पाण्याच्या यंत्राबद्दल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये असे म्हटले होते की पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची, म्हणजे आमच्यासारख्या क्षार काढणाऱ्या यंत्राची गरज नाही, कारण ते यंत्र शुद्ध पाण्याबरोबर बरेचसे पाणी गटारात सोडते. हे वाचून मी क्षार मोजण्याचे पेनाएवढे उपकरण आणले आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरले. आकडा शंभराच्याही आत. विकतचे असो की भाड्याचे, इतकी वर्षे आम्ही जे यंत्र सांभाळत होतो ते मुळात आमच्या घराला लागतच नव्हते. माझ्या महिन्याच्या भाड्यात फिल्टर होता, दुरुस्ती होती, सगळे होते. हे यंत्र तुम्हाला हवे का, हा प्रश्न तेवढा नव्हता. तो विचारल्याचे पैसे कोणाला मिळणार?

मी सेवा बंद केली. त्या मुलाने येऊन यंत्र भिंतीवरून उतरवले, नळी गुंडाळून तिला रबर लावले आणि यंत्र बाल्कनीत ठेवले. घेऊन जा म्हटले तर संकोचला. "बसोवप आनी रिपेर म्हजें, काका. व्हरपाचें काम म्हजें न्हय." ते कोणाचे, हे त्यालाही माहीत नव्हते. ॲपमध्ये तसे बटण नाही. ठेवीचे दीड हजार रुपये कंपनीकडे आहेत आणि कंपनीचे यंत्र माझ्याकडे. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्यावर एक जुनी ताडपत्री घातली आहे.